मापात पाप

‘काका, झिरो बघा,’ पंपावरचा पोरगा म्हणतो. सातारा-सांगली रस्त्यावर तीस वर्षे मी शून्य बघत आलो. ते पुरेसे नाही, हे जुने कायदे चाळताना कळले.

भारतीय दंड संहिता १८६२ साली अमलात आली. खोटे माप वापरणे, फसवण्यासाठी बाळगणे, बनवणे, विकणे हे तिच्या २६४ ते २६७ या कलमांनी गुन्हे ठरवले. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सातारा तोवर खालसा झाले होते, सांगलीत पटवर्धनांचे संस्थान होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला; त्याचीच पुढे सांगली झाली. शेर-पायली गेली, लिटर आले.

२०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले, तेव्हा पाप पल्सरमध्ये सापडले. पल्सर वाहत्या इंधनाची मोजणी विजेच्या स्पंदांत करतो. चिप स्पंद वाढवते, आकडा पुढे पळतो. सुरुवातीचे शून्य मात्र खरेच असते!

मापातल्या फेरफाराला २००९च्या वैध मापन कायद्याने पहिल्या खेपेस ५०,००० रुपयांपर्यंत दंडच ठेवला. कैद दुसऱ्या खेपेपासून. १ जुलै २०२४ला न्याय संहिता आली आणि दंड संहितेतली ती चार कलमे गळाली. फसवणुकीचे कलम ३१८ आहे. पण आधी फसवणूक उघडी पडायला हवी.

पंपावर पाच लिटरचे तपासलेले माप असते. परवा मी ते प्रथमच मागितले. मागे हॉर्न वाजू लागले. माप बरोबर भरले.

‘काका,’ पोरगा म्हणाला, ‘हे कुणी मागतच नाही.’