फ्रॅम सामुद्रधुनीतील उष्ण प्रवाहाचे मापन

ग्रीनलंड आणि स्वालबार बेटसमूह यांच्यामधील फ्रॅम सामुद्रधुनी ही आर्क्टिक महासागराला इतर महासागरांशी जोडणारी एकमेव खोल वाट. तिच्या पूर्व बाजूने पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाह अटलांटिकचे उबदार, खारट पाणी उत्तरेकडे नेतो. पश्चिम बाजूने थंड पाणी आणि बर्फ दक्षिणेकडे वाहतात. सामुद्रधुनीला नाव मिळाले ते फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या ‘फ्रॅम’ जहाजावरून. १८९३–९६ च्या मोहिमेत नान्सेन यांना बर्फाखालच्या थंड थराच्या तळाशी शून्य अंशाहून उबदार पाणी आढळले. गोठणबिंदूजवळ पाण्याची घनता तापमानापेक्षा लवणतेवर अधिक ठरते. म्हणून अटलांटिकचे हे खारट पाणी उबदार असूनही जड ठरते, वरच्या गोडसर थराखाली जाते आणि त्याची उष्णता तेथेच झाकून राहते. बर्फाचे भवितव्य या झाकणावर बरेच अवलंबून आहे.

जहाज वर्षातून काही आठवडेच तेथे थांबू शकते, प्रवाह मात्र बारमाही. त्यामुळे १९९७ पासून जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि नॉर्वेची ध्रुवीय संस्था यांनी सुमारे ७८°५०′ उत्तर अक्षांशावर उपकरणांच्या साखळ्या उभ्या केल्या. तळाशी वजन, वर तरंगक, मधल्या दोरावर वेग, तापमान व विद्युतवाहकता मोजणारी यंत्रे. वाहकतेवरून लवणता काढतात. ठरावीक मुदतीनंतर जहाजावरून ध्वनिसंकेत दिला की वजन सुटते आणि साखळी पृष्ठभागावर येते.

खरी अडचण पुढे सुरू होते. येथील भोवऱ्यांची त्रिज्या काही किलोमीटरच असते, साखळ्यांमधील अंतर त्याहून जास्त. शिवाय बरेच पाणी सामुद्रधुनीतच पश्चिमेला वळून परत दक्षिणेला जाते. आर्क्टिकमध्ये ते शिरतच नाही. आणि उष्णता वाहून नेली म्हणायचे, तर ती कोणत्या तापमानाच्या तुलनेत? आत आलेले व बाहेर गेलेले पाणी पूर्ण जुळवल्याशिवाय उष्णतेचा आकडा संदर्भ-तापमानाबरोबर बदलत राहतो. म्हणून अशा आकड्यापेक्षा प्रवाहाच्या गाभ्यातील तापमान-लवणतेची दीर्घ नोंद अधिक भरवशाची मानावी.

अटलांटिकच्या याच पाण्याचा एक फाटा स्वालबारच्या कोंग्सफ्योर्डमध्ये शिरतो. जुलै २०१४ मध्ये तेथे १९२ मी. खोलीवर भारताची ‘इंडआर्क’ ही साखळी बसवली गेली. गोव्यातील ध्रुवीय संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था यांनी तिची उभारणी केली.