विद्यापीठ विभागातील विद्यार्थी-संशोधक : निधी, नियम आणि मुदती

विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला परिचय होतो तो कार्यालयाबाहेरील सूचनाफलकाशी. शिष्यवृत्ती अर्जाची अंतिम तारीख, वसतिगृहाची यादी, प्रगती अहवाल सादर करण्याची सूचना, अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे हे सारे तेथे एकावर एक टाचलेले असते. केंद्र शासन, राज्य शासन, विद्यापीठ अनुदान आयोग आणि स्वतः विद्यापीठ अशा चार ठिकाणांहून हे कागद येतात. प्रत्येकाची अट निराळी, मुदत निराळी आणि पैसे येण्याची वाटही निराळी. हक्क सर्वांना असले तरी ते पदरात पडतात मुदत पाळणाऱ्याच्या. आणि ज्याच्या घरात विद्यापीठाची पायरी यापूर्वी कोणी चढलेली नसते, त्याला या मुदती सर्वांत उशिरा कळतात. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या विभागांत शिकणाऱ्या व संशोधन करणाऱ्यांसाठी उपलब्ध असलेल्या तरतुदींचा हा आढावा.

अधिछात्रवृत्तीचे घड्याळ

संशोधकांसाठी सर्वांत भक्कम आधार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जेआरएफ. ती ज्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळते, ती डिसेंबर २०१८ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते. १ जानेवारी २०२३ पासून या अधिछात्रवृत्तीचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये असा आहे. त्याआधी, २०१९ पासून, हे आकडे ३१,००० आणि ३५,००० होते. घरभाडे भत्ता आणि पुस्तके, प्रवास, रसायने यांसाठीचे आकस्मिक खर्चाचे वार्षिक अनुदान वेगळे मिळते.

रक्कम मोठी आहे. मात्र तिच्या पोटात तीन मुदती दडलेल्या आहेत. पुरस्कारपत्र मिळाल्यानंतर ठरावीक काळात पीएच.डी.साठी प्रवेश घेऊन रुजू व्हावे लागते. ही मुदत उलटली की पत्राचे मूल्य संपते. दुसरी मुदत दोन वर्षांची. त्या टप्प्यावर समिती कामाचे मूल्यमापन करते आणि तिने अनुकूल अहवाल दिल्यावरच वरिष्ठ दर लागू होतो. ही समिती आपण होऊन बसत नाही. ती बोलावण्यासाठी मार्गदर्शकाने आणि विभागाने हालचाल करावी लागते. तिसरी मुदत एकूण पाच वर्षांची. पीएच.डी.ला नियमाने सहा वर्षे मिळतात, अधिछात्रवृत्ती मात्र पाचव्या वर्षअखेर थांबते. प्रबंधलेखनाचे शेवटचे वर्ष, जेव्हा दुसरे काम करण्यास सवड सर्वांत कमी असते, तेच बिनपैशाचे ठरते.

याहून लहान, पण रोजची अडचण मासिक पुष्टीची आहे. संशोधक विभागात काम करीत असल्याची नोंद विद्यापीठाकडून पोर्टलवर दरमहा झाल्याशिवाय रक्कम खात्यात जमा होत नाही. लिपिक रजेवर गेला किंवा विभागप्रमुख बदलले की दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम अडकतात, आणि दिल्लीहून पैसे आले नाहीत अशी समजूत करून घेतलेला संशोधक आपल्याच इमारतीतील टेबलाकडे चौकशी करायचे विसरतो.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण एक वर्षच ग्राह्य धरले जातात. ही अट लक्षात न घेतल्याने परीक्षा उत्तीर्ण होऊनही वर्ष वाया जाण्याचा धोका असतो.

जेआरएफ नसलेल्यांचे काय?

विभागातील बहुसंख्य संशोधकांपुढे हाच प्रश्न असतो. केंद्रीय विद्यापीठांत नेटशिवाय प्रवेश घेतलेल्या पीएच.डी. संशोधकांना दरमहा ८,००० रुपयांची वृत्ती मिळते. ती बंद करण्याचा निर्णय आयोगाने ऑक्टोबर २०१५ मध्ये घेतला, तेव्हा दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर विद्यार्थ्यांनी ठाण मांडले आणि योजना वाचली. परंतु राज्य विद्यापीठांना ती तेव्हाही लागू नव्हती. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नांदेड किंवा जळगाव येथील विद्यापीठांच्या विभागांत काम करणाऱ्या संशोधकाला त्या आंदोलनाच्या यशातून काहीच मिळाले नाही.

महाराष्ट्रात ही पोकळी अंशतः भरून काढली ती राज्य शासनाच्या संस्थांनी. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी पुण्यातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था (बार्टी), मराठा-कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली ‘सारथी’, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी २०१९ मध्ये नागपुरात सुरू झालेली ‘महाज्योती’ या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. आदिवासी संशोधकांसाठी पुण्यातीलच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

या योजनांचा अलीकडचा इतिहास मात्र सुखाचा नाही. अर्ज केलेल्या सर्व पात्र उमेदवारांना लाभ द्यावा आणि तो नोंदणीच्या दिनांकापासून द्यावा, या मागण्यांसाठी संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर आणि पुण्यात वारंवार बसावे लागले. २०२३ मध्ये शासनाने या संस्थांसाठी समान धोरण ठरवून जागांवर मर्यादा घातली. २४ डिसेंबर २०२३ रोजी घेतलेल्या चाळणी परीक्षेत जुनीच प्रश्नपत्रिका आल्याचे उघड झाले, म्हणून १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा झाली आणि तिच्यावरही उमेदवारांनी आक्षेप घेतले. नोंदणीचा दिनांक की निवडीचा दिनांक, हा वाद बाहेरच्याला किरकोळ वाटेल. दोहोंत दीड-दोन वर्षांचे अंतर पडले, तर त्या काळातील खोलीभाडे आणि खानावळीचे बिल कोणी द्यायचे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२-२३ पासून नव्या उमेदवारांसाठी बंद केली. जुन्या माहितीपत्रकांत तिचे नाव अजून आढळते. त्यावर विसंबून राहू नये. कुटुंबातील एकुलत्या एक मुलीसाठी आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले अधिछात्रवृत्ती मात्र आहे.

पीएच.डी.चे नवे नियम

आयोगाचे पीएच.डी.विषयक विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. एम.फिल. पदवी त्यांनी मोडीत काढली. पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला संशोधक आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले संशोधक यांना त्यावर आणखी दोन वर्षांची, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत सवलत आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी महिलांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. प्रत्येक सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडणे बंधनकारक आहे. ही बैठक बहुतेकांना जाच वाटते. प्रत्यक्षात मार्गदर्शकाव्यतिरिक्त अन्य प्राध्यापकांच्या नजरेखाली काम येण्याची ती एकमेव ठरलेली संधी असते, आणि पुढे वाद उद्भवल्यास तिची इतिवृत्ते हाच पुरावा असतो.

प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक एका वेळी असू शकतात. मार्गदर्शक नियमित, पूर्णवेळ अध्यापकच हवा, आणि निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे संशोधक घेता येत नाहीत. या दोन अटी एकत्र वाचल्या की विभागातील रिक्त पदांचा प्रश्न विद्यार्थ्यांपर्यंत कसा पोहोचतो ते कळते. तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्ग घेऊ शकतो, पण मार्गदर्शक होऊ शकत नाही. एक प्राध्यापक निवृत्त होऊन पद भरले गेले नाही, तर पीएच.डी.च्या आठ जागा कमी होतात. प्रवेशासाठी अर्ज करण्यापूर्वी मार्गदर्शकाच्या निवृत्तीचे वर्ष विचारून घेण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची आठ लाख. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार या आठ लाखांच्या मर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. या निर्णयाचा रोख व्यावसायिक अभ्यासक्रमांवर आहे, त्यामुळे एम.ए., एम.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थिनींनी आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून राबविली जाते. भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, अन्य महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतरत्र ४३,००० रुपये असे दर योजनेत ठरविण्यात आले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहे.

शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. एखाद्याची दोन-तीन खाती असल्यास अर्जात लिहिलेले खाते नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेले खाते धरले जाते. गावातल्या शाखेत उघडून विसरलेल्या खात्यात पैसे पडून राहतात आणि विद्यार्थी विद्यापीठात चकरा मारतो. जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर ही प्रमाणपत्रे तहसील आणि जिल्हा पातळीवरून यावयाची असल्याने निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच अर्ज करणे श्रेयस्कर.

ज्यांना कोणतीच शिष्यवृत्ती लागू होत नाही, त्यांच्यासाठी ‘कमवा आणि शिका’ हा जुना मार्ग अजून खुला आहे. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात १९४७ मध्ये रुजविलेली ही कल्पना. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील योजनेला कर्मवीरांचेच नाव आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांच्या हिशेबाने काम आणि त्याचे मानधन, असे तिचे स्वरूप असते. विद्यापीठाचे विद्यार्थी विकास मंडळ तिचे काम पाहते.

तक्रार कोठे करावी?

संशोधकाचे मार्गदर्शकाशी असलेले नाते विश्वासाचे असते, तसेच ते अवलंबित्वाचेही असते. अधिछात्रवृत्तीच्या कागदापासून प्रबंध सादर करण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर त्याची स्वाक्षरी लागते. म्हणूनच तक्रारीची व्यवस्था विभागाबाहेर असणे महत्त्वाचे ठरते. आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत विभागपातळीवरील तक्रार समितीचे अध्यक्षपद विभागप्रमुखांकडे होते. एप्रिल २०२३ मधील नव्या विनियमांत ही विभागीय समिती राहिली नाही, हे बरेच झाले. आता विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार आल्यापासून १५ दिवसांत (कामकाजाच्या) अहवाल द्यावयाचा असतो. तो मान्य नसल्यास १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. गुणपत्रिका अडवून ठेवणे, निकालास विलंब, शुल्क परत न करणे आणि शिष्यवृत्ती रखडवणे हेही या समितीच्या कक्षेत येते.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती स्वतंत्र आहे. तिचे आयोगाचे विनियम २०१५ चे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावयाची असते; सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख या समितीचे सदस्य होऊ शकत नाहीत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील निवडून आलेले तीन विद्यार्थी समितीत असावे लागतात. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रारदार विद्यार्थिनीच्या कामाचे वा परीक्षेचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. ‘प्रबंध त्यांच्याच हातात आहे’ या भीतीपोटी गप्प राहणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. आयोगाचे विनियम २००९ चे. त्यांच्यासोबत सुरू झालेली राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे.

विभागाचा स्वतःचा निधी

विभाग सढळ असेल तर विद्यार्थ्यालाही त्याची ऊब लागते; परिषदेला जाण्याचा प्रवासखर्च, प्रयोगशाळेचे साहित्य, नियतकालिकांची वर्गणी यांतून ते दिसते. पूर्वी हा पैसा पंचवार्षिक योजनांमधून, आयोगाच्या विशेष साहाय्य कार्यक्रमासारख्या वाटांनी येई. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि पंचवार्षिक योजनांची पद्धतही तिच्यासोबत संपली. त्यानंतर २०१३ मध्ये सुरू झालेले ‘रुसा’ आणि २०२३ पासून त्याची जागा घेणारी ‘पीएम-उषा’ ही योजना हे राज्य विद्यापीठांचे मुख्य केंद्रीय स्रोत राहिले. विज्ञान विभागांना २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे, तर समाजशास्त्रांना १९६९ पासूनच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे प्रकल्प मागता येतात. भाषा विभागांची स्थिती यात सर्वांत नाजूक. उपकरणे मागता येत नाहीत आणि हस्तलिखितांसाठी पैसे देणारे थोडे.

पैशाच्या आणि प्रबंधाच्या ओझ्याखाली मन खचणे हेही विभागांत नवे नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची वेळ कार्यालयीन असते; रात्री-अपरात्री केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तिला अर्ज लागत नाही, दाखला लागत नाही आणि मुदतही नाही.