चिठ्ठीवरचे नाव

माझ्या टेबलावर अ‍ॅलनाइटचा एक स्फटिक आहे. बोटाच्या पेराएवढा, डांबरासारखा काळा. सिरियम, लँथॅनम अशी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असलेले हे सिलिकेट. नावातला अ‍ॅलन म्हणजे एडिनबराचा बँकर टॉमस अ‍ॅलन. त्याने हे खनिज शोधले नाही, विकत घेतले.

गोळा केले होते कार्ल लुडविग गिसेकेने. हे नावही त्याने स्वतःच घेतलेले. १७६१ साली आउग्सबुर्गला जन्मला तेव्हा तो योहान गेओर्ग मेट्सलर होता. व्हिएन्नात तो नट झाला. १७९१ मध्ये मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’च्या पहिल्या प्रयोगात गुलामाची छोटी भूमिका त्याच्याकडे होती. पुढे रंगभूमी सोडून तो दगडांच्या मागे लागला आणि १८०६ मध्ये ग्रीनलंडला गेला. स्थानिक लोकांनी वल्हवलेल्या कातडी होड्यांतून किनारा पालथा घालत त्याने नमुने जमवले.

त्यांतले काही त्याने डेन्मार्ककडे रवाना केले. काळ नेपोलियनच्या युद्धांचा. जहाज पकडले गेले आणि १८०८ मध्ये तो माल एडिनबराजवळच्या लीथ बंदरात लिलावाला आला. अ‍ॅलनने तो सुमारे ४० पौंडांना घेतला. त्यातला एक काळा दगड गॅडोलिनाइटसारखा दिसत होता. रसायनज्ञ टॉमस थॉमसनने त्याचे पृथक्करण केले, १८१० मध्ये ते नवे खनिज ठरवले आणि त्याला अ‍ॅलनचे नाव दिले. गिसेके तेव्हा ग्रीनलंडमध्येच अडकला होता.

१८१३ मध्ये तो ब्रिटनला पोचला. अ‍ॅलनने त्याचे आतिथ्य केले, डब्लिनमधले प्राध्यापकपद मिळायला मदतही केली. दोघेही १८३३ मध्ये वारले. गिसेकेचे नावही एका खनिजाला मिळाले होते. पण गिसेकाइट हे बदललेले नेफेलीन निघाले आणि स्वतंत्र खनिजांच्या यादीतून गेले. अ‍ॅलनाइट राहिले.

अ‍ॅलनाइटमध्ये बहुधा थोडे थोरियम असते. त्याच्या किरणोत्साराने कोट्यवधी वर्षांत आतली अणूंची मांडणी मोडत जाते. बाहेरचा आकार मात्र तसाच राहतो.

गिसेकेवर अन्याय झाला, असे मी बरीच वर्षे म्हणत आलो. परवा स्फटिकाखालची चिठ्ठी नीट वाचली. खनिजाचे नाव, सूत्र आणि खाली ‘संग्रह’ म्हणून माझे नाव. खडकातून तो कोणी काढला, हे विकत घेताना मी विचारलेच नव्हते.