भाकरी कुणाच्या हातात? कोरिओलेनस या नावाची गोष्ट

मंडळी, आज एका नावापासून सुरुवात करू. ‘हंगर गेम्स’ या मालिकेतला हुकूमशहा म्हणजे कोरिओलेनस स्नो. तो असा का झाला, हे सुझान कॉलिन्स यांनी २०२० सालच्या ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ या पूर्वकथेत सांगितलं. पण त्याचं नाव रोमचं आहे.

लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो, की इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये धान्याची टंचाई झाली. सिसिलीहून धान्य आलं. कोरिओलेनस नावाच्या सेनानीने अट घातली: स्वस्त धान्य हवं ना, मग सामान्यांनी आपले ट्रिब्यून, म्हणजे लोकप्रतिनिधी, सोडून द्यावेत. लोक खवळले आणि त्याला रोम सोडावं लागलं. शेक्सपिअरचं याच सेनानीवरचं नाटक सुरू होतं तेही धान्यासाठी उठलेल्या जमावापासून.

आता कादंबरीकडे वळू. तिच्या देशाचं नाव पॅनेम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भाकरी. बंडखोरांनी राजधानीला वेढा घातला तेव्हा स्नो लहान होता. घराणं मोठं, पण पोटात कोबीचं सूप. शेजारी मृत मोलकरणीचा पाय कापून नेताना त्याने पाहिला. इथपर्यंत आपल्याला त्याची कीव येते.

मग भुकेने तो क्रूर झाला का? नाही. त्याच घरात, त्याच वेढ्यात चुलत बहीण टायग्रिसही उपाशी राहिली, आणि मायाळूच राहिली. फरक भुकेत नाही, भुकेतून काढलेल्या निष्कर्षात आहे.

तो निष्कर्ष त्याची गुरू डॉ. गॉल पक्का करून देते: माणूस मुळात हिंस्र, म्हणून त्याला धाकातच ठेवायचं. हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात थॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’ लिहिला, तो १६५१ साली आला. पण बघा, हॉब्जची सत्ता प्रजेचा जीव वाचवण्यासाठी आहे. जीव घ्यायला आलेल्याला विरोध करण्याचा हक्क तो माणसाकडून काढून घेत नाही. गॉलबाईंनी त्याची भीती तेवढी उचलली, अट गाळली.

आणि अठरा वर्षांचा स्नो काय सुचवतो? रिंगणातल्या उपाशी मुलांना प्रेक्षकांनी पैसे भरून अन्न पाठवावं, त्यांच्यावर पैजा लावाव्यात. वरवर दया, प्रत्यक्षात त्यामुळे खेळाला गिऱ्हाईक मिळतं. वेढ्यात भाकरीला मोताद झालेला मुलगा भाकरीचीच दोरी हातात घेतो.

म्हणून खलनायकाचं बालपण जरूर समजून घ्यावं. पण समजणं म्हणजे माफ करणं नव्हे. टायग्रिसला विसरलो, तर आपण त्याचीच बाजू मांडत बसू.