कागलच्या घाटग्यांचे मूळ: वतनाचे कागद आणि वंशाचे दावे

कोल्हापूरच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर, दूधगंगेच्या अलीकडच्या अंगाला वसलेले कागल हे पुणे-बंगळूर महामार्गावरील महाराष्ट्राच्या हद्दीतले शेवटचे मोठे गाव असून, नदी ओलांडून थोडे पुढे गेले की निपाणी, म्हणजे कर्नाटक, लागते. ही राज्यसीमा १९५६ सालची असली तरी हा मुलूख त्याच्या कितीतरी आधीपासून सरहद्दीचाच होता. आदिलशाहीचा अंमल, करवीरकर छत्रपतींची सत्ता, पेशव्यांच्या वतीने वावरणारे पटवर्धन सरदार आणि १८१८ नंतरचे कंपनी सरकार या सर्वांच्या हद्दी याच परिसरात एकमेकींना भिडत आणि वरचेवर सरकत राहिल्या. अशा मुलखात पाय रोवून राहणाऱ्या घराण्याला दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी ठेवावी लागत: जमीन आपल्याकडे कोणत्या अधिकाराने आली, आणि आपण मुळात कोण. कागलच्या घाटगे घराण्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री दिले. दुसऱ्याचे उत्तर मात्र निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या गरजांनुसार दिले गेले, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

घाटगे मूळचे कागलचे नव्हेत, याबद्दल दुमत नाही. सातारा जिल्ह्यातील माण परगणा हा त्यांचा जुना प्रदेश आणि मलवडी हे त्यांचे ठाणे. १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यात कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेल्या आणि तेथील दप्तर पाहण्याची संधी मिळालेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या घराण्याची नोंद केली आहे. तिच्यानुसार कामराजे घाटगे हा बहमनी राजवटीत लहानसा मनसबदार होता, घराणे माणचे देशमुख होते, आणि इब्राहिम आदिलशहाने १६२६ मध्ये नागोजी घाटगे यास सरदेशमुखी आणि ‘झुंजारराव’ हा किताब दिला. देशमुख म्हणजे परगण्याचा वंशपरंपरागत अधिकारी, जो वसुलास आणि बंदोबस्तास जबाबदार असे आणि त्या बदल्यात उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा व मानपान घेई. या हक्काला वतन म्हणत. डफने याच ठिकाणी घाटग्यांच्या भाऊबंदकीचाही उल्लेख केला आहे, आणि तो अगदी अनाठायी म्हणता येत नाही, कारण वतन एक आणि वारस अनेक अशी स्थिती आली की वंशावळ हे पहिले हत्यार होई.

बहमनी मनसबदाराच्या मागे गेले की कागद संपतात आणि परंपरा सुरू होते. घाटगे हे शहाण्णव कुळी मराठ्यांपैकी एक, म्हणजे ज्या कुळांचे परस्परांत शरीरसंबंध होऊ शकतात आणि जी स्वतःस क्षत्रिय म्हणवतात त्यांपैकी एक, असे मानले जाते; त्यांचे मूळ उत्तरेतील राजपुतांत, त्यातही राठोडांत, असल्याचे सांगणारी कथाही रूढ आहे. असा दावा घाटग्यांनीच केला असे नाही. भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडले गेले आणि १६७४ च्या राज्याभिषेकात त्या जोडणीला धार्मिक मान्यता मिळाली. मुधोळच्या घोरपड्यांनी आपले मूळ त्याच राजपूत वंशात सांगितले आणि त्याच्या पुराव्यादाखल थेट १३५२ पासूनची बहमनी फर्माने पुढे ठेवली, ज्यांच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. उलट दिशेचा विचार रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव’ या २००१ मधील ग्रंथात मांडला. त्यांच्या मते भोसल्यांचा पूर्वज दक्षिणेतून, होयसळ-यादव परंपरेतून, कर्नाटकातील सोरटूर भागातून आला असावा. शिंगणापूर हे देवस्थान माण तालुक्यात, म्हणजे घाटग्यांच्या जुन्या देशमुखीच्या टापूतच आहे. ज्या डोंगररांगेच्या आश्रयाने भोसले, घाटगे, निंबाळकर, माने ही घराणी एकमेकांच्या शेजारी वाढली, तिथे दक्षिणेकडून आलेले पशुपालक आणि शिवोपासक समूह वस्ती करून राहिले होते, हा ढेऱ्यांच्या विवेचनाचा गाभा घाटग्यांच्या बाबतीतही विचारात घ्यावा असा आहे. त्यावरून घाटग्यांचे मूळ सिद्ध होत नाही, पण राजपूत कथा हीच एकमेव शक्यता उरत नाही, एवढे निश्चित.

वंशावळी कशा तयार होत, हे पाहिल्याशिवाय त्यांचे वजन ठरवता येत नाही. वतनाचा तंटा उभा राहिला की दावेदार आपला ‘करीना’ देई, म्हणजे मूळ पुरुषापासून आजपर्यंत वतन कोणी कसे खाल्ले याची हकीकत लिहून देई. गोतसभा, म्हणजे परगण्यातील वतनदार, पाटील, बलुतेदार आणि भाऊबंद यांची बैठक, ती ऐकून साक्षी घेई आणि निर्णयाचा ‘महजर’ करी. या कागदांत मूळ पुरुष कोण होता याला महत्त्व होते ते तो पहिला उपभोक्ता म्हणून. तो सूर्यवंशी होता की सोमवंशी, हे विचारण्याचे गोतसभेला कारण नव्हते. कंपनीच्या काळात मात्र चौकशीचा रोख बदलला. १८२४ मध्ये कित्तूरचे आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तविधान नामंजूर होऊन ती राज्ये खालसा झाली, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने कंपनीच्या मुलखातील इनामांची छाननी आरंभली, आणि ‘तुमचा औरस वारस कोण, सनद कोणाची, मूळ कोठले’ हे प्रश्न साहेबाच्या टेबलावरून विचारले जाऊ लागले. या प्रश्नांच्या धाकाखाली लिहिलेल्या कैफियती पूर्वीच्या करीन्यांहून ऐसपैस आहेत, त्यांत पूर्वज अधिक दूरचे आणि अधिक थोर आहेत. इतिहासाच्या वाचकाने त्यांच्याकडे पूर्वजांपेक्षा लिहिणाऱ्यांच्या काळाचा पुरावा म्हणून पाहणे अधिक सुरक्षित ठरते.

माणच्या घाटग्यांची एक शाखा कागल परिसरात रुजली. तिचा ‘सर्जेराव वजारत-मआब’ हा किताब फारसी दरबारी वळणाचा आहे. वजीराच्या पदवीस शोभणारा मान, असा त्याचा आशय. म्हणजे राजपूत मूळ सांगणाऱ्या या घराण्याचा लेखी मानमरातब मात्र सुलतानांच्या दरबारी भाषेतला होता, आणि ज्या गावात ते नांदले त्या गावाचे ग्रामदैवतासारखे श्रद्धास्थान गैबी पीर हे आहे, ज्याचा उरूस सर्व जातिधर्मांचा असतो. दख्खनच्या सरदारांना यात काही विसंगती वाटली नाही. पुढे कागलच्या घाटग्यांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या, ज्यांना इंग्रजी अमदानीत सीनियर आणि ज्युनियर म्हणू लागले, आणि दोन्ही कोल्हापूर दरबारच्या मांडलिक जहागिरी ठरल्या.

या घराण्याचा वंशाभिमान व्यवहारात कसा चाले, याचे जवळून दर्शन घडते ते सखाराम घाटगे याच्या प्रकरणात. कोल्हापुरात आप्तांशी बिनसल्यावर तो पेशवाईत आला आणि परशुरामभाऊ पटवर्धन व नाना फडणवीस यांच्या आश्रयाने लहानशा घोडदळ पथकाचा सरदार झाला. त्याची मुलगी बायजाबाई हिच्या रूपाची कीर्ती दौलतराव शिंद्यांच्या कानी गेली आणि मागणी आली. डफ सांगतो त्याप्रमाणे सखारामाने प्रथम आढेवेढे घेतले ते कुळाच्या मुद्द्यावर: घाटगे हे जुने देशमुख, तर शिंदे कण्हेरखेडचे पाटील, तेव्हा ही सोयरीक बरोबरीची नव्हे. शिंद्यांकडेही उत्तर नव्हते असे नाही, कारण साताऱ्याच्या शाहू महाराजांना कण्हेरखेडच्या शिंद्यांची मुलगी दिली गेली होती. पण उत्तर द्यायची वेळच आली नाही. सखारामाचा नकार हा भाव वाढवण्यासाठी होता. दुसऱ्या बाजीरावाला नानाचा काटा काढायचा होता, दौलतरावाला नवरी हवी होती, आणि सखारामाला शिंद्यांची दिवाणगिरी. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना कैद झाले, १७९८ च्या प्रारंभी पुण्यात थाटाने लग्न लागले, आणि त्या खर्चाच्या व फौजेच्या थकबाकीच्या भरपाईसाठी सखारामाने, म्हणजे सर्जेराव घाटग्याने, पुण्यातील सावकारांना आणि मुत्सद्द्यांना जे छळले त्याची आठवण शहराने पिढ्यान्‌पिढ्या काढली. १८०९ मध्ये शिंद्यांच्याच छावणीत तो मारला गेला. कुळाची उच्चता हा वाटाघाटीतला एक मुद्दा होता, आणि हवी ती किंमत मिळताच तो मागे घेता येत होता. त्या काळातील अनेक सोयरिकींबाबत असेच म्हणता येईल, फक्त सखारामाने ते जरा जास्तच उघडपणे केले.

बायजाबाईने दौलतरावांच्या १८२७ मधील मृत्यूनंतर १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. तिचा भाऊ हिंदुराव घाटगे पुढे दिल्लीत स्थायिक झाला आणि १८३५ मध्ये खून झालेल्या विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची दिल्लीच्या टेकडीवरील हवेली त्याने घेतली. १८५७ मध्ये हिंदुराव हयात नव्हता, परंतु ‘हिंदुरावचा बंगला’ हे इंग्रज फौजेचे टेकडीवरील मुख्य ठाणे बनले, आणि आजचे दिल्लीतील हिंदुराव रुग्णालय त्याच नावाने ओळखले जाते. त्या नावाचा माणूस कागलच्या घाटग्यांपैकी होता, हे त्या रुग्णालयात रांगेत उभ्या असलेल्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

वंशाचा प्रश्न निकराला आला तो दत्तविधानामुळे. करवीरचे चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे वारले; त्यांच्यामागे राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या थोरल्या पातीचे जयसिंगराव आबासाहेब घाटगे यांचा मुलगा यशवंतराव यास दत्तक घेऊन ‘शाहू’ हे नाव दिले. या मुलाची आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांची. म्हणजे राजर्षी शाहूंच्या पितृकुळाची राठोड कथा आणि मातृकुळाची फर्माने अशी दोन्ही वादग्रस्त वारसापत्रे एकाच पाळण्यात आली. धर्मशास्त्रानुसार दत्तक पुत्र जनकाचे गोत्र सोडून दत्तक घेणाऱ्याच्या कुळात प्रवेश करतो, त्यामुळे १८८४ नंतर शाहूंचे कूळ भोसले. पण तेच शास्त्र दत्तक सजातीय असावा असेही सांगते, आणि म्हणून भोसल्यांचे क्षत्रियत्व मान्य करून घाटग्यांचे नाकारले तर दत्तविधानच लटके पडते. पुढे उद्भवलेल्या वेदोक्ताच्या वादात घाटग्यांचे मूळ फारसे कोणी उघड उकरून काढले नाही, परंतु तर्काच्या दृष्टीने ते वादाच्या तळाशी होतेच.

१८९९ च्या कार्तिक महिन्यात पंचगंगेच्या घाटावर स्नानाच्या वेळी राजपुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे महाराजांसोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. वेदोक्त म्हणजे वेदमंत्रांनी होणारी कर्मे, जी द्विजांस, म्हणून क्षत्रियांस, लागू. पुराणोक्त म्हणजे पुराणातील श्लोकांनी होणारी, शूद्रांस सांगितलेली कर्मे. कलियुगात नंद राजांनंतर क्षत्रिय उरलेच नाहीत, हे विरोधकांचे जुने प्रतिपादन, आणि गागाभट्टाने १६७४ च्या राज्याभिषेकात जे केले ते छत्रपतींच्या वंशास कायम बंधनकारक, हे समर्थकांचे. ऑक्टोबर १९०१ मध्ये टिळकांनी ‘केसरी’त या विषयावर अग्रलेख लिहिले आणि प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. मात्र त्याचा निकाल कोणत्याही वंशावळीने लागला नाही. राजोपाध्यांचे इनाम हे सेवेच्या अटीवर दिलेले वतन आहे, आणि धनी सांगेल त्या विधीने सेवा करण्यास उपाध्याय तयार नसेल तर वतन राहत नाही, या भूमिकेवर मे १९०२ मध्ये ते जप्त झाले, आणि इंग्रज सरकारने वरपर्यंतच्या अपिलांत दरबाराचा निर्णय उचलून धरला. माणच्या गोतसभेला जी भाषा कळली असती त्याच भाषेत, म्हणजे हक्क आणि चाकरीच्या भाषेत, हा वाद सुटला. त्याच १९०१ सालच्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या आणि कवटीच्या मापांवरून मराठ्यांना ‘शक-द्रविड’ ठरवून टाकले, हा या विषयावरचा त्या काळातला सर्वांत शास्त्रीय दिसणारा आणि सर्वांत निरुपयोगी निष्कर्ष म्हणावा लागेल. १९२० मध्ये शाहूंनी मराठ्यांसाठी स्वतंत्र क्षात्रजगद्गुरू नेमले तेव्हा त्या पीठावर बसलेले सदाशिवराव पाटील हे बेनाडीचे, म्हणजे कागलपासून फार दूर नसलेल्या आणि आज सीमेपलीकडे गेलेल्या गावचे होते.

वंशावळी पुरुषांच्या असतात, आणि त्यामुळे या घराण्याचा बराचसा इतिहास त्यांच्या बाहेर राहतो. शाहूंची कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, देवासच्या थोरल्या पातीच्या पवारांकडे दिली. तिचा मुलगा विक्रमसिंहराव १९४७ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक येऊन शहाजी छत्रपती झाला, आणि दत्तकाच्या कागदात तो पवारांकडून भोसल्यांकडे आला असला तरी आजोळाच्या नात्याने तो शाहूंचा, म्हणजे कागलकरांचाही, नातू होता. सोयरिकीच्या बाबतीत शाहूंनी शेवटच्या वर्षांत जो बेत आखला तो घाटग्यांच्या जुन्या अभिमानाला सरळ छेद देणारा होता. मराठा आणि धनगर यांच्यात विवाह व्हावेत यासाठी त्यांनी कोल्हापूर आणि इंदूर ही दोन घराणी एकमेकांजवळ आणली, आणि त्यातून ठरलेला संबंध त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रत्यक्षात आला: कागलच्या धाकट्या पातीचे दत्ताजीराव घाटगे यांची कन्या इंदूरचे युवराज यशवंतराव होळकर यांना देण्यात आली आणि संयोगिताराजे या नावाने होळकरांची महाराणी झाली. १७९८ मध्ये कण्हेरखेडच्या पाटलाचे कूळ हलके म्हणणाऱ्या घराण्याने, सव्वाशे वर्षांनी, होळ गावच्या धनगराच्या वंशजाला आपली मुलगी दिली, आणि या वेळी कोणी कोणाची वंशावळ मागितली नाही.