वाटेबाहेरची रत्नागिरी

मुंबईहून येणारी आगबोट रत्नागिरीला भर समुद्रात उभी राही आणि उतारू हेलकावणाऱ्या पडावातून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात बोटी बंद, आणि पाठीशी सह्याद्रीचे घाट. नकोशी माणसं दूर ठेवायला इंग्रजांना याहून सोयीचं गाव कुठलं मिळणार?

१८८५ साली ब्रह्मदेशाचा थिबा राजा पदच्युत झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला इथं आणलं. त्याआधी १८५८ मध्ये दिल्लीच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, रंगूनला धाडलं होतं, म्हणजे अदलाबदलच म्हणा ना! थिब्याचा लाल राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. जवळच्या टेकाडावरून भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. इतकी देखणी कैद क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल, पण कैद ती कैदच. सहा वर्षांत राजा वारला. त्याची कबर इथंच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथं येऊन गेले. सावरकरही १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर (१९३१) त्याच काळातलं.

पाहुण्यांना आम्ही हे दाखवतो. मांडवीची काळी वाळू, तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग, तिथली भगवती, हेही दाखवतो. सड्यावर मात्र कुणाला नेत नाही. जांभ्या दगडाचा हा उघडा माळ उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, म्हणून सरकारदरबारी त्याची नोंद पोटखराबा. श्रावणात जाऊन पाहा! सीतेच्या आसवांनी तोच कातळ निळा-जांभळा होतो. आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हत्ती, गेंडे, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात तर कितीतरी प्राणी आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

पण चिरेखाणीची करवत यादी वाचत नाही. हापूसच्या कलमासाठी खड्डा घ्यायचा तर आम्हीच कातळाला सुरुंग लावत आलो. आंब्यावर माझं प्रेम आहे, घरही चिऱ्याचंच आहे. तरी खाणीला परवानगी देण्याआधी सड्यावरची माती झाडून खाली काय कोरलंय ते पाहायला किती वेळ लागतो? एक माणूस, एक केरसुणी आणि एक सकाळ.