जुन्या बंदुकांची पारख : रूप, मेळ आणि वय

खंडेनवमीस पुण्यांतील जुन्या वाड्यांत शस्त्रें मांडून त्यांची पूजा करण्याचा प्रघात होता व कांहीं घरीं तो अद्यापि चालू आहे. त्या शस्त्रांत एखादी लांब नळीची बंदूक असली म्हणजे तिजविषयीं घरांतील वडील मंडळी बहुधा एक हकीकत सांगतात : ही पानिपताहून परत आली, किंवा ही खडकीच्या लढाईंत होती. संग्राहक ती हकीकत ऐकतो, नळीवरील सोनेरी वेलबुट्टी पाहतो आणि बंदूक घेऊन जातो. पुढें तीच हकीकत त्याच्या यादींत नोंदली जाते आणि दुसरा लेखक त्या यादीचाच आधार देतो. अशा रीतीनें दंतकथेचा पुरावा होतो. तो होऊं नये म्हणून कांहीं कसोट्या येथें नमूद करीत आहों.

एखादी सनद पुढें आली असतां आपण कागद, शाई, अक्षरवळण, मोर्तब व मिती यांचा परस्परांशीं मेळ पाहतों. मिती जुनी आणि किताब मागाहून मिळालेला असला कीं, सनद बनावट ठरते. पुण्यांत 1910 सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तेव्हांपासून ही शिस्त आपल्या अंगवळणीं पडली आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तीच शिस्त बंदुकीस लावावी.

प्रथम रूप. तीन कसोट्यांत सर्वांत फसवी हीच होय. सोन्याचें काम दिसलें कीं बंदूक दरबारी, हा समज निराधार आहे. पंजाबांत सियालकोटजवळील कोटली लोहारान व गुजरात या गांवीं एकोणिसाव्या शतकांत युरोपियन गिऱ्हाइकांसाठीं कोफ्तगरीचें काम मोठ्या प्रमाणावर होत असे. नळीवरील लाटांसारखी नक्षीही वय सांगत नाहीं. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गाभ्याभोंवतीं गुंडाळून, तापवून सांधल्या म्हणजे ती उत्पन्न होते व अम्लानें उठून दिसते. अशा नळ्या हिंदुस्थानांत होत आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपांतही होत.

दुसरी कसोटी मेळाची. देशी तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्यास बहुधा कातड्याच्या वाद्यांनीं किंवा तारेनें बांधलेली असते, रंजकाची वाटी नळीलाच लागून असते, आणि जळता तोडा धरणारा आंकडा दस्त्यांतील खांचेंतून वर येतो. विलायती चकमकीच्या बंदुकींत ही वाटी चापाच्या बाजूच्या पत्र्यावर असते. म्हणून चकमकीच्या बंदुकीच्या दस्त्यांत लांकडानें बुजविलेली खांच दिसली, तर तो दस्ता पूर्वीं तोड्याच्या बंदुकीचा होता असें समजावें. तसेंच टोपीच्या बंदुकीच्या पत्र्यावर बुजविलेलीं भोकें दिसलीं, तर वाटी व तिची कमान काढून चकमकीची टोपीची केली, हें उघड होय.

मेळाचा दुसरा अर्थ बंदूक आणि माणूस यांचा मेळ. चापापासून दस्त्याच्या टोंकापर्यंतची लांबी वापरणाराच्या हातास जुळावी लागते. शिकारीच्या दुनळ्या घेतांना हें माप आवर्जून पाहिलें जाई. दस्त्याचें टोंक कापून पत्रा पुन्हां बसविल्याची खूण दिसली, तर बंदूक एका हातांतून दुसऱ्या, लहान हातांत गेली असा तर्क करण्यास जागा होते. घराण्याच्या इतिहासास अशी खूण वेलबुट्टीहून अधिक उपयोगी आहे.

तिसरी कसोटी वयाची. येथें ठसे बोलतात. कंपनी सरकारच्या बंदुकीच्या पत्र्यावर आधीं बदामाच्या आकारांत चार अक्षरांची निशाणी असे. सुमारें 1808 पासून तिच्या जागीं मुकुट धरलेला सिंह आला. बर्मिंगहॅमचें नळ्या तपासण्याचें सरकारमान्य गृह 1813 च्या कायद्यानें स्थापन झालें. त्याच्या ठशांत मुकुट, तिरके राजदंड आणि बी. पी. सी. हीं अक्षरें असतात. नाना फडणिसांचें निधन 13 मार्च 1800 रोजीं झालें. तेव्हां असा ठसा असलेली नळी त्यांच्या पदरच्या शिपायाची असणें अशक्य. तांब्याच्या टोपीचा प्रसार 1820 नंतरचा; म्हणून मूळचीच टोपीची असलेली बंदूक 5 नोव्हेंबर 1817 रोजीं खडकीस असूं शकत नाहीं. दुनळीवर 'गोळीसाठीं नव्हे' या अर्थाचा इंग्रजी ठसा असेल, तर ती 1875 ते 1887 या काळांतील होय.

परंतु ठसा ज्या भागावर आहे त्या भागाचेंच वय सांगतो, हें विसरतां कामा नये. नळी एका काळची, चाप दुसऱ्या काळचा, दस्ता तिसऱ्या काळचा, असें वारंवार आढळतें. अशा बंदुकीस तीन वयें आहेत. यादींत तीं तिन्ही लिहावीं, आणि आजच्या स्वरूपांतील बंदूक तिच्या सर्वांत अलीकडच्या भागाहून जुनी मानूं नये. त्या घरच्या दप्तरांत शस्त्रांची यादी असल्यास तींतील वर्णन ताडून पाहावें. सुहूर सनांत 599 किंवा 600 मिळवून इसवी सन काढतां येतो, हें वाचकांस विदितच आहे.

दोन सूचना करणें अवश्य वाटतें. पहिली जिवाची. तोंडाकडून भरावयाच्या जुन्या बंदुका कधीं कधीं भरलेल्याच सांपडतात. नळीची बाहेरील लांबी व आंत जाणाऱ्या काठीची लांबी यांत मोठें अंतर असल्यास बंदूक भिंतीवरून हलविण्यापूर्वीं जाणकारास बोलवावें. स्वतः उकरूं नये. दुसरी पुराव्याची. विटेची पूड अगर चिंच लावून नळी उजळली कीं ठसे झिजतात आणि प्रश्न कायमचा मिटतो. शिवाय 1959 चा शस्त्र अधिनियम व शंभर वर्षांवरील वस्तूंस लागू असणारा 1972 चा पुरावशेषांचा कायदा संग्राहकानें ध्यानांत ठेवावा.

एखाद्या घराण्याची पानिपताची बंदूक 1830 ची ठरली, तर त्यांत त्या घराण्याचें कांहीं उणें होत नाहीं. त्या पिढीनें जुनी नळी टाकून न देतां नवा चाप बसवून ती चालू ठेविली, हीही इतिहासाचीच गोष्ट होय. आणि ती खरी आहे, एवढा तिचा अधिकार दंतकथेहून मोठा आहे.